जीभ वर कर

रहिमतपूरच्या बाहेर कॅनॉलच्या कडेनं गेलं की उसाच्या फडांमध्ये एक लहानशी वस्ती लागते. तिथल्या पहिल्याच घरातून सकाळी दिवस वर यायच्या आत एक आरोळी उठायची, "फॉल इन!"

मग घरातल्या दोन बायका, म्हणजे घरधन्याची बायको आणि सून, हातातली कामं टाकून पडवीत येऊन ओळीत उभ्या राहायच्या. चुलीवरचं दूध उतू जावो की धार काढताना म्हैस बिथरो, ओळ मोडायची नाही. मानसिंग हवालदार एका हातात बरणी आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन पुढं यायचा. प्रत्येकीच्या तळहातावर एक जांभळी कॅप्सूल, वर पाण्याचा घोट. "तोंड उघड. जीभ वर कर." मग मान वाकडी करून तो दोन्ही गालफडांत डोकवायचा. बाजारात बैलाचे दात बघणारा हेडी परवडला, तो निदान बैलाशी चार शब्द बरे बोलतो. शेवटी मानसिंग स्वतःची कॅप्सूल गिळायचा आणि आपलं तोंड उघडून सुनेला दाखवायचा. त्यात लबाडी नव्हती. कायदा सगळ्यांना सारखा, असं तो अभिमानानं सांगायचा. कायदा केला कुणी, हे विचारायची सोय त्या घरात नव्हती.

ही शिस्त त्याला लागली फौजेत. ऐन उमेदीत त्याची पलटण आसामच्या जंगलात होती. तिथं संध्याकाळी जवानांना ओळीत उभं करून मलेरियाची कडूजहर गोळी देत आणि सुभेदार एकेकाचं तोंड तपासत पुढं जाई. तरीही कुणाला ताप आलाच, तर हिशोब सोपा होता. गोळी चुकत नाही, जवान चुकतो. म्हणजे यानं गोळी थुंकली. ताप उतरला की शिक्षा. त्यांच्यात जतकडचा बिरदेव नावाचा एक पोरगा होता. थंडीनं कुडकुडत तो आईची शपथ घेऊन सांगत होता, की मी रोज गिळली. सुभेदार म्हणाला, "शपथ खाल्लीस तशी गोळी खाल्ली असतीस तर ही वेळ आली नसती." सगळी पलटण खदाखदा हसली. मानसिंगही हसला, आणि त्या वाक्यावर पुढं जन्मभर हसत आला. लग्नात, पारावर, सोसायटीच्या मीटिंगला, कुठंही तो ते सांगायचा. बिरदेवचं पुढं काय झालं हे मात्र त्यानं कधी सांगितलं नाही, कारण ते त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

पेन्शनीत येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. गावानं त्याला मान दिला, सत्यनारायणाला पाटावर बसवलं, पण हुकूम ऐकायला कुणी मिळेना. ज्याच्या आवाजावर एकेकाळी बूट आपटायचे त्याच्या आवाजावर आता फक्त कुत्रं उठायचं. माणूस आतून कुढत होता. अशात करोना आला, आणि करोनाबरोबर सांगलीहून इंद्रजित आला.

इंद्रजित हा त्याच्या पलटणीतल्या एका दोस्ताचा मुलगा. कुपवाडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात द्राक्षाच्या बियांपासून कॅप्सुली बनवायचे, त्यांचा माल तो गावोगाव खपवायचा. तासगावकडं बेदाणा आणि द्राक्षं उदंड, त्यामुळं बियांना तोटा नव्हता. इंद्रजितनं पडवीत बसून समजावलं, "काका, लोखंडाला गंज चढतो तसा माणसाच्या शरीरालाही आतून चढतो. आजारपणात तर जास्तच. ह्याच्यात अँटिऑक्सिडंट आहे, ते गंज धरू देत नाही." मानसिंगला ते चटकन पटलं. रायफलीच्या नळीला रोज तेल देणारा माणूस तो. इंद्रजित पुढं असंही म्हणाला, की हे औषध नव्हे, औषधाला जोड आहे, ताप आला तर दवाखाना चुकवायचा नाही. ते वाक्य मानसिंगच्या ह्या कानानं आत गेलं आणि त्या कानानं बाहेर. त्याला कॅप्सूल दिसत नव्हतीच. त्याला दिसत होती ओळ.

करोनात त्या घरी कुणाला शिंकसुद्धा आली नाही. वस्ती गावापासून लांब, येणंजाणं बंद, दूध घालायला मानसिंग एकटा जायचा तोही तोंडाला उपरणं बांधून. आजार आला नाही त्याला कारण ते होतं, पण श्रेय गेलं बरणीला. बघता बघता तो स्वतःच एजंट झाला. वस्तीतल्या घराघरांत जांभळ्या बरण्या गेल्या. शेजारचा भाऊसो चेष्टेखोर, तो म्हणायचा, "हवालदार, माझ्या म्हशीला बी एक द्या, तिच्यात बी लय गंज चढलाय." पण बरणी त्यानंही घेतली. फौजी माणूस सांगतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

आता त्या ओळीत पहिल्या नंबरला उभ्या राहणाऱ्या चंद्राबाईबद्दल सांगायला हवं. नवरा वर्षातून एकदा रजेवर येई तेव्हा ती बायको असे, बाकीचं वर्षभर ती घरचा गडी होती. पाणी धरलं, ऊस कारखान्याला घालवला, सासू-सासऱ्यांचं केलं, पोराला, जयराजला, वाढवून फौजेत पाठवला. नवरा पेन्शनीत आला आणि जे घर तिनं चालवलं होतं त्यात तिला "फॉल इन" ऐकायची पाळी आली. ती कधी कुरकुरली नाही. ती कॅप्सूल अनशापोटी तिला सोसायची नाही, गिळली की घशाशी आंबट यायचं, डोळ्यांत पाणी उभं राहायचं. सून शिवांजली एकदा तिला गोठ्यात हळूच म्हणाली, "आत्ती, गालात धरायची आन् हितं येऊन थुकायची. कोन बघतंय?"

चंद्राबाईनं तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं देव्हाऱ्यात चपला घातल्या. "आगं, त्येंनी इश्वासानं दिलेली वस्तू. न्हाई थुकायची."

ह्या बाईनं एकही कॅप्सूल चुकवली नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

करोना सरून दोन-तीन वर्षं झाली. त्या थंडीत फ्लूची साथ आली. गावात घरटी एक खोकणारा निघाला. चंद्राबाईनं उसाचा पाला वेचायला रोजानं बायका बोलावल्या होत्या, त्यातली एक नाक ओढतच आली होती. मग एका सकाळी ओळीत उभं राहताना चंद्राबाईनं पडवीचा खांब धरला. अंग तापलेलं, डोळे लाल.

"काय झालं?" मानसिंगनं विचारलं.

"अंग मोडून आलंया. कणकण हाय जरा."

मानसिंग तिच्याकडं बघत राहिला. एखाद्या नवऱ्यानं कपाळाला हात लावून बघितलं असतं. ह्यानं बरणीकडं बघितलं, मग बायकोकडं, आणि त्याच्या डोक्यातला तो जुना सुभेदार ताडकन उभा राहिला. "चुकवलीस."

"आवं, न्हाई वो. रोज घेतली की. तुमच्या म्होरंच घेतली."

"मग ताप कसा आला?"

ताप कसा येतो हे तापालाच ठाऊक. ती म्हणाली, "घेतली वो, खरंच घेतली. जयराजची आन."

आणि मानसिंग हसला. खरंच हसला, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते वाक्य वापरायची संधी मिळाली होती. "शपथ खाल्लीस तशी गोळी खाल्ली असतीस तर ही वेळ आली नसती."

नंतरचा सगळा दिवस ह्या गड्यानं पुरावा शोधण्यात घालवला. तुळशीच्या बुडातली माती उकरली. गोठ्यातली गव्हाण रिकामी करून चाळली. उकिरडा काठीनं उपसला. मोरीच्या तोंडाशी उकिडवा बसून त्यानं बोटानं गाळ काढून बघितला. भाऊसो बांधावरून ओरडला, "हवालदार, सोनं पुरलंया का काय?" कुठंही कॅप्सूल सापडली नाही. शहाणा माणूस इथं थांबला असता. मानसिंगनं निकाल काढला की बाई पक्की आहे, मागमूससुद्धा ठेवत नाही. आत चंद्राबाई वाकळेखाली खोकत पडली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरीच झाली नव्हती आणि फाशी मात्र चालू होती.

ताप हटेना. खोकला छातीत उतरला. शिवांजली सासऱ्यापुढं येऊन उभी राहिली. "मामा, आत्तींना दवाखान्यात न्हेऊया. भाऊसो काकांची गाडी हाय दारात."

"काय गरज न्हाई. दोन-दोन दे. निघंल."

"त्ये औषध न्हाई मामा. इंद्रजितभावजींनीच सांगितलं हुतं, जोड हाय म्हून."

"मला शिकवू नगंस." मानसिंगचा आवाज चढला, आणि चढण्यासारखंच कारण होतं. येत्या रविवारी रहिमतपूरच्या मंगल कार्यालयात कंपनीचा मेळावा होता. सांगलीहून मोठे साहेब येणार होते. तालुक्यात सगळ्यात जास्त माल खपवला म्हणून हवालदाराला फेटा बांधणार होते, आणि पत्रिकेवर छापलं होतं, की ह्यांच्या घरात कधी आजार शिरला नाही. अशा माणसाची बायको रहिमतपूरच्या दवाखान्यात खाटेवर पडलेली बघितली तर गाव काय म्हणेल? त्याला बायकोची काळजी नव्हती असं नाही. पण फेटा जवळ होता आणि मरण लांब वाटत होतं. "आईतवार हू दे," तो म्हणाला, "मग बघू."

सकाळची ओळ चालूच राहिली. चंद्राबाईला शिवांजली काखेत धरून आणायची. दोन कॅप्सुली गिळताना तिला धाप लागायची, पाणी नाकातून यायचं. तरी ती तोंड उघडून जीभ वर करायची. मानसिंग नेहमीपेक्षा जास्त वेळ बघायचा. शिवांजलीला वाटायचं, तो तांब्या घ्यावा आणि ह्याच्या टाळक्यात घालावा. तिनं घातला नाही, आणि पुढं तिला त्याचं वाईट वाटत राहिलं.

रविवारी सासूला घरी ठेवून जायचं असं शिवांजली म्हणाली. पण पत्रिकेवर "सहकुटुंब" होतं. चंद्राबाईच म्हणाली, "जाऊ दे गं. तेवढं हुभं ऱ्हाते. त्येंचा मान हाय." हिरवं इरकल नेसून, तोंडात पदराचा बोळा धरून ती पहिल्या रांगेत बसली. मंडप भरला होता. मानसिंगला भगवा फेटा बांधला, टाळ्या पडल्या. तो माईकपुढं आला, पलटणीची गोष्ट सांगितली, सुभेदाराचं वाक्य सांगितलं, लोक हसले. "आज इतकी साथ हाय," तो म्हणाला, "पर आमच्या घरात—"

आणि नेमका तेव्हाच चंद्राबाईला खोकला आला. पदराचा बोळा काही कामाचा नव्हता. एकदा सुटला तो थांबेचना. ती पुढं वाकली, कपाळ गुडघ्यांना टेकलं. मागच्या रांगेतली माणसं माना उंच करून बघू लागली. इंद्रजितनं खाली बघितलं. मोठ्या साहेबांनी घड्याळात बघितलं.

मानसिंगच्या कपाळावर फेट्याखालून घाम उतरला. मग त्यानं हात लांब करून पहिल्या रांगेकडं बोट केलं.

"बघा. सगळ्यांनी बघून घ्या. ही माझी बायकू. आमी दोघं, म्या आन् सून, रोज घेतो, आमाला काय झालं न्हाई. हिनं चुकवली, हिला झालं. गोळी चुकवली की काय हुतं, ह्ये माझ्याच घरात बघा. मी काय लपवनारा मानूस न्हाई." आणि मग, माईकवरच, बायकोला, "सांग. चुकवलीस का न्हाई?"

शिवांजली उठून उभी राहिली, पण चंद्राबाईनं तिला हात धरून खाली ओढली. चंद्राबाईनं नवऱ्याकडं बघितलं. फेटा जरा कलला होता. एवढ्या लोकांत तो एकटा उभा होता आणि त्याची इभ्रत तिच्या एका शब्दावर लोंबकळत होती. ती बाई जन्मभर ज्या घराला टेकू देत आली, त्याला तिनं शेवटचा टेकू दिला.

"व्हय," ती म्हणाली. "चुकवली म्या."

लोक हसले. कुणी तरी मागून ओरडलं, "काकू, जीभ वर करा!" त्यावर तर हशा जास्तच पिकला. बरण्या त्या दिवशी हातोहात गेल्या. मला विचाराल तर त्या मंडपातल्या एकेकाच्या कानाखाली वाजवायला हवी होती, पण असल्या वेळी कुणी वाजवत नाही. सगळे हसतात.

मेळाव्यातून घरी आल्यावर चंद्राबाई उंबऱ्यातच खाली बसली. ओठ काळेनिळे पडले होते. ह्या वेळी शिवांजलीनं कुणाला विचारलं नाही. भाऊसोला हाक मारली, दोघांनी उचलून गाडीत घातली, आणि गाडी थेट साताऱ्याला नेली. मानसिंग फेटा तसाच ठेवून पुढच्या सीटवर बसला. खाट लगेच मिळाली, ऑक्सिजन होता, डॉक्टर होते. कशाचीही वाण नव्हती. तिला तिथं आणायचंच तेवढं राहून गेलं होतं.

"दोन्ही फुप्फुसं भरलीत," डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस काय करत होतात?"

मानसिंग ताठ उभा राहिला. "साहेब, हिनं गोळी चुकवली."

"कुठली गोळी?"

त्यानं बंडीच्या खिशातून बरणी काढली. डॉक्टरांनी ती फिरवून वाचली आणि परत दिली. "ह्या घेतल्या म्हणून काही बिघडलं नसतं, आणि चुकवल्या म्हणूनही नाही. फ्लू होऊ न देणं हे ह्यांचं कामच नाही. फार तर उपचाराला जोड, तीसुद्धा किती उपयोगाची ते अजून धड ठरलेलं नाही. पण आजोबा, जोड द्यायला आधी उपचार तर पाहिजे. तुम्ही नुसतीच जोड देत बसलात."

मानसिंगला डॉक्टर पोरसवदा वाटला. दुसऱ्या दिवशी चंद्राबाई गेली. जाताना तिच्या तोंडावर मास्क होता.

जयराज रजा काढून आला. बाप त्याला पहिलं वाक्य बोलला ते हेच, "चुकवली रं तिनं. सोताच्या तोंडानं सांगितलं." जयराजनं बायकोकडून खरं ऐकलं होतं. पण बापापुढं तोंड वर करायची त्या पोराला लहानपणापासून सवयच नव्हती. तो दिवसकार्य करून, फॅमिली क्वार्टरसाठी अर्ज टाकतो असं बायकोला सांगून निघून गेला.

वस्तीत मात्र ती गोष्ट रुजली. पाणवठ्यावर बनाबाई म्हणायची, "चांगली हुती चंद्राबाय, पर चुकार. नवरा हातावर देत हुता तरी थुकायची." पोराला औषध पाजताना आया दटावू लागल्या, थुंकशील तर हवालदाराच्या म्हातारीगत होईल. जिनं जन्मात कामचुकारपणा केला नाही तिचं नाव चुकारपणाला लागलं. शिवांजलीच्या जिव्हारी लागलं ते हे. मरण आलं, ते तर परत जात नाही. पण हे नाव पुसता येण्यासारखं होतं, आणि ते पुसणारा एकच माणूस होता.

ती एका दुपारी सासऱ्याला म्हणाली, "मामा, मला दुसरं काय नगं. चारचौघांत एकदा म्हना, आत्तीनं चुकवली न्हवती."

"तिनं सोताच सांगितलं."

"तुमचा फेटा ऱ्हावा म्हून सांगितलं."

मानसिंग उठून गोठ्यात गेला. सकाळची ओळ चालूच होती. ओळ कसली, एकटी शिवांजली. तो तिला द्यायचा, तिचं तोंड बघायचा, मग स्वतः गिळायचा आणि तिला दाखवायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि ह्याची तर दुसऱ्याच्या मरणानंही गेली नाही.

चैत्र लागायच्या सुमाराला, साथ जाता जाता, त्याला ताप आला. थंडी वाजून आली, खोकला सुटला. बातमी कळली तशी माणसं जमली. सांगलीहून इंद्रजितही आला होता, माल पोचवायला. सगळे पडवीत कोंडाळं करून बसले. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. ती शेवटी भाऊसोनं विचारली.

"हवालदार, तुमी तर रोज घेत हुता न्हवं?"

मानसिंग वाकळ पांघरून खाटेवर बसला होता. दात वाजत होते, पण डोकं शाबूत होतं. त्याला प्रश्न नीट कळला. घेतली म्हणावं, तर गोळी घेऊनही ताप येतो असं होणार. गोळी घेऊनही ताप येतो असं झालं, की चंद्राबाई खरं बोलत होती. आणि चंद्राबाई खरं बोलत होती असं झालं, की मग तिला खांब धरून ओळीत उभं कुणी केलं, मंडपात बोट कुणी दाखवलं, रविवारपर्यंत थांबवलं कुणी? हे सगळं त्याला त्या एका क्षणात स्वच्छ दिसलं. दारात शिवांजली उभी होती. ती त्याच्याकडं अशी बघत होती की जणू हात पसरून काही मागते आहे. एक "व्हय, घेत हुतो" म्हटलं असतं तर बस होतं.

"न्हाई," मानसिंग म्हणाला. "चुकवली म्या. ती गेल्यावर माझं ध्यानच न्हवतं."

इंद्रजितनं सुटकेचा श्वास टाकला. भाऊसोनं मान हलवली. बनाबाई हळहळली, "बघा, बायकूच्या दुखात मानूस गोळी सुदिक इसरला." चंद्राबाईनं हेच खोटं ह्याच्यासाठी सांगितलं होतं. ह्यानं ते तिला कायमची गाडून टाकायला वापरलं.

त्याच दिवशी शिवांजलीनं त्याला साताऱ्याला नेलं. तिला वाटलं असतं तर तिनं रविवारपर्यंत थांबवलं असतं. नाही थांबवलं. वेळेवर नेल्यामुळं, सलाईन आणि औषधं मिळाल्यामुळं मानसिंग खडखडीत बरा झाला. जे बायकोला मिळालं नाही ते ह्याला मागायच्या आधी मिळालं.

तो घरी आला त्याच आठवड्यात जयराजची क्वार्टर मंजूर झाल्याचा फोन आला. निघायच्या दिवशी सकाळी शिवांजलीची बॅग उंबऱ्यात होती. भाऊसो तिला स्टेशनला सोडायला गाडी घेऊन आला होता. पडवीत नेहमीप्रमाणं आरोळी उठली, जरा बारीक आवाजात. शिवांजली पुढं आली, पण ओळीत उभी राहिली नाही. तिनं सासऱ्याच्या हातातनं बरणी घेतली, एक कॅप्सूल काढून त्याच्या तळहातावर ठेवली, तांब्या दिला. मानसिंगनं गिळली.

"तोंड उघडा, मामा. जीभ वर करा."

सवयीनं त्यानं केली. शिवांजलीनं मान वाकडी करून एका गालफडात बघितलं, मग दुसऱ्या. सावकाश बघितलं.

"न्हाई घेतलीसा," ती म्हणाली.

मानसिंगला हसू आलं. "आगं, आत्ता तुझ्या म्होरं गिळली की!"

"न्हाई घेतलीसा. चुकवली."

"घेतली गं!" त्यानं भाऊसोकडं बघितलं. "भाऊसो, तू बघितलंस न्हवं? सांग हिला."

भाऊसो गाडीला टेकून तंबाखू मळत होता. त्यानं खरंच बघितलं नव्हतं, आणि त्याला चेष्टेची सवय. "मला काय ठावं, हवालदार? मागं बी चुकवली हुतीच की. तुमी सोताच सांगितलं."

"तवा बी न्हवती चुकवली रं!" मानसिंग ओरडला. ओरडल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. पण भाऊसो हसत होता. त्याला ती म्हाताऱ्याची सारवासारव वाटली. मानसिंगचा आवाज चिरकला. "घेतली, खरंच घेतली. जयराजची आन."

शिवांजलीनं बरणीला झाकण लावलं आणि ती खांबाजवळ, चंद्राबाई उभी राहायची तिथं खाली ठेवली.

"आत्ती बी आसंच म्हनायच्या," ती म्हणाली, आणि बॅग उचलून गाडीत जाऊन बसली.

गाडी कॅनॉलच्या रस्त्याला लागली. मानसिंग पडवीत उभा होता. त्यानं पुन्हा तोंड उघडलं होतं, जीभ वर केली होती, पण आता बघायला कुणी नव्हतं.